आधण

पाटीवर लिहितात गोल्कर. मला वाटलं,
लांजा-राजापूरकडचं कुणाचं तरी आडनाव.
इथली माणसं म्हणतात गोका,
आणि गाव असं उभं की वरच्या गल्लीतला
खालच्याच्या धुराड्यात खडा टाकेल.

या चढउतारावर माझी दिवसाला अकरा घरं.
कुणाला आंघोळ, कुणाला गोळ्या, कुणाचे पायमोजे.
दीड महिना झाला, ब्रेक दाबला की
गाडी किंचाळते,
फळ्यावर खडू तिरका ओढावा तशी.

गॅरेजवाला म्हणाला, दोनशे चाळीस पाउंड.
मी म्हटलं, विचार करून सांगते.
विचार कसला, पगार सत्तावीस तारखेला.
पॅड मिळाले एकोणीसला.
जॅक दिला शेजारच्या ऑल्विनने, एका अटीवर:
गाडीखाली हात घाल, डोकं नाही.

रविवारी चाक उचललं, नट फिरवायला गेले
तर नटाबरोबर चाकच फिरू लागलं.
म्हणजे आधी सैल करायचं, मग उचलायचं.
हे कुणी सांगत नाही,
सगळ्यांना माहीतच असतं म्हणून.
पुन्हा खाली. पान्यावर उभी राहिले
चौसष्टच्या चौसष्ट किलोंनिशी,
आणि कड् झालं.
नट की माझा गुडघा, क्षणभर कळेना.

कॅलिपर नळीवर लोंबू द्यायचा नसतो.
परकराच्या नाडीने बांधला वरच्या स्प्रिंगला,
मोडका हात गळ्यात अडकवतात तसा.

बाहेरचा पॅड बरा होता.
तोच तर दिसायचा चाकाच्या फटीतून,
वाकून बघायचे आणि स्वतःला सांगायचे,
आहे की अजून.
आतला पार संपलेला. नुसता पत्रा.
तो हातात घेऊन बसले थंड फरशीवर.
रोज सकाळी सहाला, काळोखात,
शाळेच्या वळणाशी
याच्या भरवशावर उतरत होते मी.

पिस्टन मागे जाईना.
क्लॅम्प आवळत गेले, अर्धा अर्धा फेरा,
तेव्हा सरकला, रुसलेल्या जावयासारखा,
एक पाऊल, मग थांबून
कुणी बघतंय का याचा अंदाज घेत.

सगळं बसवून आत बसले, ब्रेक दाबला.
पाय थेट तळाला.
विहिरीत पोहरा सोडावा
आणि पाणी लागूच नये.
पोटात तसाच खड्डा.
ऑल्विन कुंपणावरून ओरडला, दाबत राहा, दाबत राहा!
दुसऱ्यांदा जरासं. तिसऱ्यांदा जरासं.
चौथ्यांदा खालून कुणीतरी
माझ्या पायाला पाय लावला.

सोमवारी मिसेस हेगच्या दाराला किल्ली लावली
तर बाई खुर्चीत दचकल्या.
आलीस कधी? ओरडली नाही तुझी गाडी?
हसत सांगितलं, बरी केली मी तिला, माझ्या हातांनी.
त्या हसल्या नाहीत.
किटलीकडे बघत राहिल्या.

तेव्हा कळलं.
खालच्या वळणावर माझा ब्रेक किंचाळला
की या उठायच्या,
भिंत धरत, मग टेबल, मग ओट्याची कड,
आणि मी वर येईपर्यंत आधण ठेवून
पुन्हा खुर्चीत, काही झालंच नाही अशा.
नव्वदीतली बाई. दिवसातलं एवढं एकच काम
जे कुणी त्यांच्यासाठी करत नव्हतं.

मी करते, म्हणून पुढे झाले,
त्यांनी हाताने थांबवलं.
निघाल्या. भिंत. टेबल.
किटली भरताना नळ दोनदा चुकला.
कागदावर मला या घरी पंधरा मिनिटं,
त्यातली नऊ इथेच गेली.
मी काळी नखं मांडीखाली घेऊन
गप्प बसले, पाहुणी बसते तशी.
चहा पाणचट होता. सगळा प्यायले.

आता खालच्या वळणावर
हॉर्न वाजवते, एकदाच, लांब.
कोपऱ्यावरचा माणूस पडदा सारून
रोज काहीतरी म्हणतो.
काच बंद असते. त्याचे ओठ तेवढे दिसतात.